वॉल्ट डिस्नेचे बाराशे बिल्ले

आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियात राहणारी मराठी मंडळी. भारतातून पाहुणे आले, की त्यांना डिस्नेलँड दाखवायचे हे ठरलेलेच. आई-वडील, सासू-सासरे, भाचरं, सगळ्यांच्या अल्बममध्ये मिकी माऊसच्या गळ्यात हात टाकलेला एक तरी फोटो असतो. या मिकीच्या मागचा माणूस म्हणजे वॉल्ट डिस्ने. त्याचे नाव घेतले, की डोळ्यांसमोर येतो तो राजवाडा, आतषबाजी आणि पोरांचा गलका.

पण याच माणसाच्या स्टुडिओतून दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या आणि तिच्या मित्रराष्ट्रांच्या सैन्याला सुमारे १२०० बोधचिन्हे गेली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. विमानांच्या नाकांवर, जहाजांवर, वैमानिकांच्या चामडी जॅकेटच्या छातीवर त्या काळी जी चित्रे झळकत होती, त्यांतली कितीतरी बरबँकच्या स्टुडिओत पाच-सहा चित्रकारांनी काढलेली होती. आणि त्यासाठी कोणत्याही तुकडीकडून एक पैसाही घेतला गेला नाही.

लष्करी बोधचिन्ह म्हणजे गंभीर काम. तिथे ढाल असते, तलवार असते, गरुड-सिंह असतात. तिथे हे बदक आणि उंदीर कसे शिरले? त्यासाठी वॉल्टचे आयुष्य जरा मागे जाऊन बघावे लागते.

वॉल्टचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी शिकागोत झाला. वडील एलायस कडक स्वभावाचे. हात घातला त्या धंद्यात फारसे यश नाही, त्यामुळे गाव बदलायचे, पुन्हा नव्याने सुरुवात करायची, असे चालायचे. १९०६ मध्ये कुटुंब मिसुरी राज्यातल्या मार्सलीन या छोट्या गावी शेतीवर गेले. शेजारच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरने आपल्या घोड्याचे चित्र काढायला सांगून त्याबद्दल पैसे दिले, ही आठवण वॉल्ट मोठेपणीही सांगत असे. शेती बसली, तेव्हा बिऱ्हाड कॅन्सस सिटीला हलले. तिथे वडिलांनी वर्तमानपत्रे टाकण्याची लाइन विकत घेतली आणि कामाला लावले ते आपल्याच दोन मुलांना, रॉय आणि वॉल्ट यांना. भल्या पहाटे उठायचे, गुडघाभर बर्फातून घरोघरी पेपर टाकायचे आणि मग शाळेत जाऊन बाकावर पेंगायचे. सहा वर्षे हे चालले. तिथला हिवाळा ज्यांनी काढला आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. डिस्ने कुटुंब तोवर पुन्हा शिकागोत आले होते. वॉल्ट शाळेच्या मासिकासाठी युद्धावरची व्यंगचित्रे काढायचा आणि रात्री चित्रकलेच्या वर्गाला जायचा. थोरला भाऊ रॉय नौदलात भरती झाला आणि वॉल्टच्या डोक्यात गणवेश बसला. पण वय अवघे सोळा. सैन्यात कुणी घेईना. रेडक्रॉसच्या ॲम्ब्युलन्स दलात सतराव्या वर्षी घेतात असे कळले. तेही वय भरत नव्हते. अर्जावर आई-वडिलांची सही हवी होती. वडिलांनी साफ नकार दिला. आईने, पोरगा नाहीतर न सांगता पळून जाईल या भीतीने, दोघांच्याही सह्या केल्या. आणि वॉल्टने जन्मसालातल्या १९०१ चे १९०० करून टाकले. एका आकड्याची खाडाखोड. पण त्या एका आकड्याने तो फ्रान्सला पोचला.

अर्थात लगेच नाही. प्रशिक्षणातच त्याला १९१८ च्या फ्लूने गाठले. तीच साथ, जिला आपल्याकडची जुनी माणसे मानमोडी म्हणत. तो घरी परतून बरा होईपर्यंत त्याच्या बरोबरीची तुकडी बोटीवर चढून गेली होती. त्याचा नंबर लागला तो नोव्हेंबरच्या मध्यावर, ११ नोव्हेंबरला युद्ध थांबल्यानंतर. म्हणजे ज्या लढाईसाठी खोटे वय लावले, ती संपल्यावर हा पठ्ठ्या फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरला. सतरावा वाढदिवस त्याने तिथे साजरा केला.

फ्रान्समधले ते सुमारे दहा महिने या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. वॉल्ट ॲम्ब्युलन्स चालवी, सामान पोचवी, अधिकाऱ्यांना इकडून तिकडे नेई. आणि रिकामा वेळ मिळाला की चित्रे काढी. आपल्या गाडीच्या बाजूच्या कापडावर त्याने व्यंगचित्रे रंगवली. मग सोबतच्या पोरांनी मागे लागायला सुरुवात केली. कुणाला जॅकेटवर काहीतरी काढून हवे, कुणाला घरच्यांना पाठवायला गमतीचे चित्र हवे. क्रॉ द गेर हे फ्रान्सचे शौर्यपदक. त्याचे हुबेहूब चित्र तो जॅकेटवर रंगवून द्यायचा आणि त्याचे काही फ्रँक घ्यायचा. एका मित्राबरोबर त्याने आणखी एक उद्योग केला. जर्मन शिरस्त्राणे गोळा करायची, वॉल्टने ती रंगवून नेमबाजाच्या शिरस्त्राणासारखी दिसतील अशी करायची, मित्राने त्यात गोळीचे भोक पाडायचे आणि मायदेशी परतणाऱ्या सैनिकांना आठवण म्हणून विकायची!

ऐकायला गंमत वाटते. पण त्या वयात त्याला एक गोष्ट कळली असणार. गणवेश सगळ्यांना सारखा असतो. त्या सारखेपणात प्रत्येकाला आपले असे काहीतरी अंगावर हवे असते. ज्याने लढाई पाहिली त्याला, आणि ज्याने पाहिली नाही त्याला तर अधिकच.

याच सुमारास अमेरिकी सैन्यात खांद्यावरच्या कापडी बिल्ल्याची पद्धत सुरू होत होती, हा योगायोगही लक्षात घेण्यासारखा आहे. १९१८ मध्ये ८१ व्या डिव्हिजनच्या सैनिकांनी खांद्यावर रानमांजराचे चित्र लावले. इतरांनी कुरकूर केली, पण वरिष्ठांनी ते मान्य केले आणि बाकीच्या डिव्हिजननाही आपापले चिन्ह ठरवायला सांगितले. आज जगभरच्या सैन्यात दिसणाऱ्या पॅचचा अमेरिकेतला इतिहास त्या रानमांजरापासून सुरू होतो.

पुढची वीस-बावीस वर्षे मी भरभर सांगतो, कारण ती बहुतेकांना माहीत आहेत. १९१९ मध्ये परत, कॅन्सस सिटीत जाहिरातींची चित्रे, स्वतःचा छोटा स्टुडिओ, १९२३ मध्ये त्याचे दिवाळे. मग हॉलिवूडला रॉयच्या साथीने पुन्हा सुरुवात. १९२८ मध्ये ओस्वाल्ड नावाचा यशस्वी ससा करारातल्या कलमामुळे हातचा गेला आणि त्याच वर्षी मिकी माऊस जन्मला. १९३७ च्या अखेरीस स्नो व्हाइट आला आणि पैशांचा पाऊस पडला. त्या पैशांतून बरबँकला नवा कोरा स्टुडिओ उभा राहिला.

आणि तिथेच गाडी घसरली. युरोपात युद्ध पेटले, तिकडची बाजारपेठ बंद झाली. पिनोकिओ आणि फँटेशिया हे १९४० मधले दोन्ही महागडे चित्रपट तोट्यात गेले. बँकेचे कर्ज डोक्यावर. मे १९४१ मध्ये स्टुडिओतल्या चित्रकारांनी संप पुकारला. पगारातली तफावत, श्रेय न मिळणे, संघटनेला मान्यता न देणे, अशी त्यांची गाऱ्हाणी होती आणि त्यांत तथ्य होते. वॉल्टने तो संप अगदी मनाला लावून घेतला. ज्यांना घरचे मानले ते फाटकाबाहेर पाट्या घेऊन उभे आहेत, हे त्याला सहनच झाले नाही. संप मिटला, पण त्या स्टुडिओचे घरपण पुन्हा आले नाही.

बोधचिन्हांचे काम या पडत्या काळातच वाढत गेले.

१९३३ मध्ये नौदलाच्या एका राखीव विमान स्क्वाड्रनने डिस्नेकडे चिन्ह मागितले होते. १९४० मध्ये टॉर्पेडो बोटींच्या ताफ्याकडून विचारणा आली. या बोटी लहान, लाकडी, पण वेगवान. मोठ्या युद्धनौकेला चावा घेऊन पळायचे हे त्यांचे तंत्र. म्हणून त्यांना मच्छरांचा ताफा म्हणत. स्टुडिओने चित्र दिले ते असे: खलाशाची टोपी घातलेला एक डास पाणी कापत जाणाऱ्या टॉर्पेडोवर घोड्यावर बसावे तसा बसला आहे. बस, एवढेच. पण पाहणाऱ्याला एका नजरेत कळते, की ही मंडळी कोण, काय करतात आणि आपल्याबद्दल त्यांना काय वाटते. चित्र मासिकांतून गाजले आणि पत्रांचा पूर सुरू झाला.

बोधचिन्ह म्हणजे काय, हे इथे जरा थांबून बघू या. युरोपातल्या जुन्या पद्धतीत चिन्ह हे वारशाचे असते. कुठल्या राजघराण्याची ढाल, कुठल्या लढाईत मिळालेला मान, खाली लॅटिनमधले ब्रीदवाक्य. रंगांनाही अर्थ. अमेरिकी लष्करात पायदळ निळे, तोफखाना लाल, घोडदळ पिवळे. चिन्ह वाचता येणाऱ्याला त्यात पलटणीची वंशावळ दिसते.

आपल्याला ही गोष्ट परकी नाही. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. १८१८ सालच्या लढाईत पडलेल्या पूर्वजांची नावे ज्यावर कोरली आहेत, तोच हा स्तंभ. पुढे त्या जागी कट्यार आली. नव्याने भरती झालेल्या पोरांच्या टोपीवर सव्वाशे वर्षांपूर्वीचा स्तंभ कशाला? तर तुम्ही आज आलेले नाही, तुमच्या आधी कुणीतरी उभे होते, हे सांगायला. ज्या समाजाला मध्यंतरी लष्कराचे दार बंद झाले होते, त्याच्यासाठी तो स्तंभ केवळ शोभेचा नव्हता.

आता त्याच १९४१ मधल्या अमेरिकेकडे बघा. १९३९ मध्ये जेमतेम दोन लाखांचे असलेले तिचे सैन्य युद्ध संपेपर्यंत ऐंशी लाखांवर गेले. रोज नवी स्क्वाड्रन, नवी बॉम्बर तुकडी, नवे दुरुस्ती पथक. यांना वंशावळ कुठून आणायची? काल स्थापन झालेल्या तुकडीने कोणती लढाई ढालीवर कोरायची? त्यातली पोरे आयोवाच्या शेतावरची, ब्रुकलिनच्या गल्लीतली, टेक्ससची. आजोबा कुणाचे इटलीचे, कुणाचे पोलंडचे, कुणाचे जर्मनीचेच. त्या सगळ्यांत सामायिक असे काय होते? शनिवारी दुपारी थिएटरात बसून पाहिलेले मिकी आणि डोनाल्ड! १९४१ मध्ये वीस वर्षांचा असलेला सैनिक मिकी पडद्यावर आला तेव्हा सात वर्षांचा होता. पूर्वजांच्या जागी या पिढीकडे बालपण होते, आणि त्यांनी तेच छातीवर लावायला मागितले.

वॉल्टला हे समजले, आणि त्याचे मोठेपण मला यात वाटते. ही पोरे आपल्या चित्रांवर वाढली, तेव्हा त्यांचे आपण काही देणे लागतो, अशी त्याची भावना होती. प्रत्येक चिन्हाला स्टुडिओचा सुमारे २५ डॉलर खर्च येई आणि तो स्टुडिओ सोसे. कर्जात बुडालेल्या कंपनीने बाराशे वेळा हे केले. यात नाव होत होते, सरकारशी संबंध चांगले राहत होते, हेही खरे. सरकारी प्रशिक्षणपटांच्या कामावरच तो स्टुडिओ युद्धकाळात तगला. तरीही दूरच्या बेटावरच्या एखाद्या अनाम दुरुस्ती पथकाला चित्र पाठवून कुणाचा धंदा वाढत नाही.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. ही चित्रे वॉल्टने स्वतः काढलेली नव्हती. पडद्यासाठी हाताने चित्रे काढणे त्याने कधीच थांबवले होते. या कामाचा प्रमुख होता हँक पोर्टर नावाचा चित्रकार. तो इतका सफाईदार, की चाहत्यांसाठी वॉल्टची सही करण्याची मुभा ज्या थोड्या लोकांना होती, त्यांत तो होता. त्याच्या हाताखाली रॉय विल्यम्ससारखे काही मोजके कलावंत. तुकडीकडून पत्र यायचे: आम्ही अमुक काम करतो, आम्हाला अमुक प्राणी आवडेल. कधी सैनिकांनी स्वतः काढलेले वेडेवाकडे चित्रही सोबत असायचे. चित्रकार कच्चा आराखडा करायचे, मग रंगीत चित्र, आणि ते तुकडीला रवाना. पुढे ते विमानावर रंगवायचे, की कापडावर शिवून घ्यायचे, की चामड्यावर, हे तुकडीने बघायचे. मागणी इतकी वाढली, की पत्रांची रांग लागली.

कोणाला कोणते पात्र द्यायचे, यामागे पक्का विचार दिसतो. सर्वाधिक मागणी डोनाल्ड डकला. दोनशेहून अधिक चिन्हांवर तो आहे. का? कारण डोनाल्ड चिडतो. त्याच्या वाट्याला नेहमी घाणेरडे काम येते, वरचे त्याला छळतात, नशीब दगा देते, तो आदळआपट करतो आणि तरीही पुन्हा उभा राहतो. सामान्य शिपायाला तो अगदी आपला वाटला. मिकीचे तसे नाही. तो सालस, सज्जन. त्याच्या हातात बॉम्ब शोभत नाही. म्हणून मिकी बहुतेक करून मागे राहून काम करणाऱ्यांच्या, न लढणाऱ्या तुकड्यांच्या वाट्याला आला. सैन्यातल्या पाद्र्यांसाठी निवडला जिमिनी क्रिकेट, म्हणजे पिनोकिओला वाईट वाटेवरून मागे ओढणारा तो छोटा रातकिडा, त्याची सदसद्विवेकबुद्धी. धर्मगुरूंसाठी याहून नेमके चिन्ह शोधून सापडले नसते. जुन्या ढालींवर सिंह म्हणजे शौर्य आणि कबुतर म्हणजे शांती असे ठरलेले असते ना, तसेच हेही. अर्थ ठरलेले होते, फक्त ते ग्रंथांतून आले नव्हते, थिएटरातून आले होते.

गंमत म्हणजे मिकी शत्रूच्या बाजूनेही लढला. जर्मन हवाई दलाचा प्रसिद्ध लढवय्या वैमानिक ॲडॉल्फ गालांड याच्या मेसरश्मिट विमानावर मिकी माऊस रंगवलेला असे, तोंडात सिगार, हातात परशू आणि पिस्तूल घेतलेला. अर्थातच स्टुडिओला न विचारता. बरबँकमध्ये ज्या मिकीच्या हाती शस्त्र द्यायला हात कचरत होता, त्याला तिकडे परशू मिळाला होता. एकाच पिढीची पोरे दोन्हीकडे होती आणि लहानपणी ती एकाच उंदराला हसली होती, हे मनात आले की जरा थबकायला होते.

आता आपल्या शेजारच्या आघाडीवरची गोष्ट. चीनच्या मदतीसाठी अमेरिकी स्वयंसेवक वैमानिकांचे एक दल १९४१ मध्ये ब्रह्मदेशात येऊन दाखल झाले. प्रमुख होते क्लेअर शेनॉल्ट. हेच ते फ्लाइंग टायगर्स. त्यांच्या विमानांच्या नाकावर शार्कचा उघडा जबडा रंगवलेला असे, तो त्यांचा त्यांनीच घेतलेला. पण दलाचे अधिकृत चिन्ह डिस्नेकडून आले: विजयाच्या इंग्रजी व्ही अक्षरातून झेप घेणारा, पाठीला छोटे पंख असलेला पट्टेदार वाघ. डिसेंबर १९४१ मध्ये रंगूनवर जपानी बॉम्ब पडू लागले, तेव्हा ब्रिटिश विमानांच्या जोडीने याच दलाच्या एका स्क्वाड्रनने आकाशात झुंज दिली. खाली रस्त्यावर होते लाखो भारतीय, कारकून, हमाल, व्यापारी. त्यांतले अनेक पुढे चालत आसामच्या वाटेला लागले आणि कित्येक वाटेतच संपले. हॉलिवूडजवळच्या एका टेबलावर रंगवलेला वाघ त्या माणसांच्या डोक्यावरच्या आभाळात होता.

या सगळ्या बिल्ल्यांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो फिफिनेला. ब्रिटिश हवाई दलातला एक तरुण वैमानिक, पुढे मुलांचा लाडका लेखक झालेला रोआल्ड डाल, याने विमानांत बिघाड करणाऱ्या ग्रेमलिन नावाच्या खोडकर भुतांची गोष्ट लिहिली. डिस्नेने तिच्यावर चित्रपट करायचे ठरवले. चित्रपट झाला नाही, पण १९४३ मध्ये पुस्तक निघाले. त्यातल्या ग्रेमलिन बाया म्हणजे फिफिनेला. पंख, डोळ्यांवर गॉगल आणि चेहऱ्यावर मिश्कील धीटपणा.

त्याच वर्षी अमेरिकेत वास्प हे महिला वैमानिकांचे दल उभे राहिले. पंचवीस हजार जणींनी अर्ज केले, १,०७४ जणी प्रशिक्षण पुरे करून बाहेर पडल्या. टेक्ससमधल्या स्वीटवॉटर गावाजवळ अव्हेंजर फील्ड हे त्यांचे ठाणे. कारखान्यातून निघालेली विमाने तळावर पोचवणे, दुरुस्त विमाने उडवून बघणे, आणि तोफांच्या सरावासाठी मागे कापडी लक्ष्य बांधून उडणे, ही त्यांची कामे. शेवटचे काम कसले, तर नवशिके तोफची खालून खऱ्या गोळ्या झाडणार आणि तुम्ही वर त्यांच्या समोर उडत राहायचे! या मुलींनी डिस्नेकडे फिफिनेला मागितली आणि ती त्यांना मिळाली. जॅकेटवर ती, ठाण्यावर ती, त्यांच्या पत्रकावर ती.

पण सरकारदरबारी या मुली सैनिक नव्हत्या. नागरी कर्मचारी! ३८ जणी कामावर असताना गेल्या. त्यांना लष्करी इतमाम नाही, पेटीवर राष्ट्रध्वजाचा अधिकार नाही. मृतदेह घरी पाठवायचा खर्चही कितीदा मैत्रिणींनीच वर्गणी काढून भागवला. डिसेंबर १९४४ मध्ये दल बरखास्त झाले, आणि मुलींना घरी जायला सांगितले. आपल्या पैशाने. सरकारने दिली नाही ती ओळख त्यांच्या छातीवर होती, एका व्यंगचित्राच्या रूपात. अशा वेळी बिल्ला ही शोभेची वस्तू राहत नाही. आम्ही होतो, एवढे सांगणारा तो एकच कागद उरतो.

बरबँकमध्ये काय चालले होते? पर्ल हार्बरवर हल्ला झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी लष्कर स्टुडिओत शिरले. जवळच लॉकहीडचा विमान कारखाना होता, त्याच्या रक्षणासाठी विमानवेधी तोफांच्या पथकाला जागा हवी होती. सुमारे आठ महिने शेकडो सैनिक तिथे मुक्कामाला होते. जिथे चित्रपटांचे शूटिंग व्हायचे त्या जागेत लष्करी ट्रक दुरुस्त होत. म्हणजे खिडकीबाहेर खरे शिपाई आणि आत टेबलावर शिपायांसाठी बदके. सोळाव्या वर्षी गणवेशासाठी धडपडलेल्या वॉल्टच्या दाराशी, चाळिशीत, न बोलावता पलटण येऊन उभी राहिली.

युद्ध संपले. वॉल्ट बदलला होता. संपाची कडवट चव त्याच्या तोंडातून गेली नाही. १९४७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्याने संघटनेच्या पुढाऱ्यांची नावे घेऊन त्यांच्यावर कम्युनिस्ट असल्याचा ठपका ठेवला. तो डाग त्याच्या चरित्रावर आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. ज्याने अनोळखी पोरांना फुकट चित्रे दिली, त्यानेच आपल्याकडे चित्रे काढणाऱ्यांशी हिशेब मांडला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या. पुढे १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडले, टीव्हीवर तो घरोघरी पोचला. तरुणपणी, रेडक्रॉसच्या त्या दिवसांत, लागलेली सिगारेट शेवटपर्यंत सुटली नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाने १५ डिसेंबर १९६६ रोजी तो गेला, स्टुडिओच्या समोरच्याच रुग्णालयात. ६५ वर्षांचा होता.

वास्पच्या मुलींना लष्करी सेवेचा दर्जा मिळाला १९७७ मध्ये, वॉल्ट गेल्यानंतर अकरा वर्षांनी. आणि २०१० मध्ये अमेरिकी संसदेने त्यांना सुवर्णपदक दिले. तेव्हा हयात असलेल्या नव्वदीच्या घरातल्या आज्या वॉशिंग्टनला आल्या होत्या, कुणी काठी टेकत, कुणी व्हीलचेअरवर.

अमेरिकेत विमानांची संग्रहालये गावोगाव आहेत. मुलांना घेऊन आपण जातो, विमानांखाली उभे राहून फोटो काढतो आणि निघतो. पुढच्या वेळी कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटापाशी थोडे थांबा. आत एखादे तडे गेलेले तपकिरी जॅकेट असते. त्याच्या छातीवरचा रंग उडालेला असतो, पण नीट बघितले तर चोच दिसते, खलाशाची टोपी दिसते, कधी पंखवाली एक छोटी मुलगी. शेजारच्या पाटीवर ते जॅकेट कुणाचे होते आणि तो किंवा ती परत आली का, हे बहुधा लिहिलेले असते. मुलांना चित्र दाखवा, आणि ती पाटीही वाचून दाखवा.